घाटाला घरचं माणूस

गयासभाईंची अट आवडाबाईला कळली, तेव्हा ती त्यांच्या अंगणात चहाची बशी हातात धरून बसली होती. बाकीचं सगळं आधीच ठरलेलं होतं. गयासभाईंचा ट्रक तीन वर्षांच्या ठेक्यानं सांडू चालवणार, डिझेल आणि टायर सांडूचे, महिन्याची ठराविक रक्कम गयासभाईंची. सांडू म्हणजे आवडाबाईचा नवरा. चाळीस दिवस तो गयासभाईंच्या शेजारी बसून गाडी शिकला होता. रोशन गेटजवळच्या त्या अंगणात आज फक्त तोंड गोड करायचं, असंच ती समजून आली होती.

"एक राहिलं," गयासभाई गुडघा चोळत म्हणाले. "कन्नडचा घाट. भरलेली गाडी घेऊन उतरायचा."

"तीनदा उतरलो की उस्ताद," सांडू म्हणाला.

"मी बाजूला होतो म्हणून. आता मी नाय बसणार. मी मागच्या गाडीत. तुझ्या बाजूला तुझ्या घरचं माणूस बसंल. माझ्या उस्तादनं माझ्याकडून असंच करून घेतलं होतं. माझी अम्मा बसली होती, पूर्ण घाटभर मला शिव्या देत." ते हसले. "एकटा माणूस घाटात लई मर्द होतो, बेटा. घरचं माणूस बाजूला असलं की पाय आपोआप सरळ पडतो. त्या दिवशी खाली पोचलास की चावी तुझी."

सांडूनं आवडाबाईकडं बघितलं. त्याचे डोळे चमकत होते. "ही बसंल की! बसशील ना गं?"

"बसंन," ती म्हणाली, आणि बशीतला चहा तिच्या पदरावर सांडला.

तिला जे कळत होतं, ते दुसऱ्या कोणालाच कळलं नव्हतं. खुद्द सांडूलाही नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. खुलताबादजवळच्या त्यांच्या गावी सांडू उंबऱ्यात बसून, तो ज्यांच्या शेतावर राबायचा त्या काकासाहेबांच्या ट्रॅक्टरबद्दल काहीतरी सांगत होता आणि बोलता बोलता थांबला. आवडाबाई साडीला फॉल लावत होती. तिनं मान वर केली. त्याचे डोळे उघडे होते, पण त्यांत कोणी नव्हतं. डाव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत होता, ओठ कोरडं काही चाखल्यासारखे हलत होते. तिनं हाक मारली, परत मारली. काही नाही. भीतीनं तिचे हात सुईसकट चालूच राहिले होते. नंतर मोजले तेव्हा सोळा टाके भरले. मग त्यानं एक खोल श्वास घेतला आणि म्हणाला, "तर काकासाहेब म्हणले, नांगर तूच जोड."

"कुठं गेला होतात?"

"कुठं जाईन? हितंच हाय."

तिनं सासूला विचारलं. मनकर्णाबाई भाकरी थापत होत्या. त्यांना यात विशेष काही वाटलं नाही. "लहानपनी त्याला झटके यायचे. पार लाकडावानी व्हायचा. मग म्या दर्ग्यावर न्हेला, ताईत बांधला, सात गुरुवार केले. झटके गेले. आता निसतं ध्यान लागतं. ते चांगलंच असतं बाई, देव बोलतो त्याच्याशी. कुनाला सांगत बसू नकोस, नजर लागंल."

गावात सगळे तसंच मानत. शेतावर ट्रॅक्टर चालवताना सांडू कधी नांगराचं सरळ तास सोडून बांधावर चढायचा, तेव्हा मागची माणसं हसायची, "सांडूचं ध्यान लागलं रं!" ट्रॅक्टर पायी चालण्याच्या वेगानं जाई, ढेकळात अडकून आपोआप बंद पडे. एकदाच तो विहिरीच्या कठड्याला जाऊन टेकला होता. त्या दिवशीही लोक हसले. आवडाबाईनं मात्र कठड्याचा निखळलेला दगड पाहिला होता, आणि दगडाच्या पलीकडं किती खोल होतं तेही.

तिनं ताईत, देव, नजर यांपैकी कशावरही वाद घातला नाही. ती फक्त बघत राहिली. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा. झोप झाली नसली की जास्त. ती सांडूला सांगायची, तर तो म्हणायचा, "विचार करत असंन. मानसानं विचारबी करू नये का?"

काकासाहेबांनी ट्रॅक्टर विकला, तेव्हा मनकर्णाबाईंसह ते तिघं शहरात आले आणि पडेगावला एका खोलीत राहू लागले. आवडाबाई गुलमंडीतल्या एका दुकानातून साड्या आणून फॉल लावून द्यायची. सांडूनं वर्षभर वाळूजच्या कारखान्यांवर हमाली केली. पाठ दुखायची, पण त्याहून जास्त त्याला खाली मान घालून ओझं वाहणं दुखायचं. गयासभाईंचा माल तोच चढवायचा. त्यांचा मोठा मुलगा आखातात गेलेला, धाकट्याला गाडीची आवड नाही, आणि त्यांचे गुडघे क्लच दाबताना कळ मारू लागलेले. त्यांनी एक दिवस सांडूला विचारलं, "हेवी लायसन काढतो का?" त्या संध्याकाळी सांडू घरी आला तो धावतच.

लायसन्ससाठी डॉक्टरचा कागद लागला. डॉक्टरनं डोळे तपासले, छातीला नळी लावली. "काही आजार?" "नाय साहेब, एकदम खणखणीत." सांडू खोटं बोलला नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

शिकतानाचे ते चाळीस दिवस आवडाबाईला विसरता येण्यासारखे नव्हते. सांडू घरी आला की पत्र्याच्या पेटीवर बसायचा, पितळी परात दोन्ही हातांत धरायचा आणि डोळे मिटून गाडी चालवायचा. "क्लच, न्यूट्रल, परत क्लच, खालचा गिअर." तोंडानं इंजिनाचा आवाज. मनकर्णाबाई म्हणायच्या, "सांड्या, परात दे, पीठ मळायचंय." "थांब आई, आरं बाप्पा, घाटात हाय मी!" आणि सगळे हसायचे. आवडाबाईही हसायची, आणि हसताना त्याच्या डाव्या अंगठ्याकडं बघायची.

गयासभाईंची शिकवण तो तिला ऐकवायचा. घाट ज्या गिअरनं चढतो त्याच गिअरनं उतरायचा. गाडीला इंजिनानं धरायचं, ब्रेकवर नाचायचं नाही. ब्रेक तापले की करपट वास येतो, तो वास आला म्हणजे उशीर झाला. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणारा ड्रायव्हर उस्तादांच्या लेखी माणूसच नव्हता. निघण्याआधी प्रत्येक टायर लोखंडी दांड्यानं ठोकून त्याचा आवाज ऐकायचा. मालावर ताडपत्री अशी आवळायची की खाली बोट जाऊ नये. सांडू हे सगळं फार नेमकं शिकला होता. गयासभाई तिला म्हणालेही होते, "बेटी, तुझा आदमी हाताचा लई साफ हाय. मी पस्तीस सालात अशा हाताची दोनच माणसं पाहिली."

म्हणूनच ती बोलू शकली नाही. बोलायचं तर काय? की नवरा महिन्यातून दोनदा सोळा टाक्यांएवढा हरवतो? सासू म्हणेल, देवाच्या देणगीला तू रोग म्हणतेस. नवरा म्हणेल, माझं चांगलं झालेलं तुला बघवत नाही. एकदा रात्री तिनं विषय काढला होता. "गाडी चालवताना तुमचं ध्यान लागलं तर?"

त्याचा चेहरा असा काही झाला की तिनं पुन्हा विचारलं नाही. "आवडे," तो म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा कुनीतरी मला म्हणलं की तुला येतं. तू नको त्यात माती कालवू."

अट ऐकल्यापासून ठरलेल्या दिवसापर्यंत पाच दिवस होते. त्या पाच दिवसांत साडीला फॉल लावताना टाके वाकडे जाऊ लागले. दुकानदारानं दोन साड्या परत केल्या. तिच्या डोळ्यांसमोर घाट येई. तिनं तो एकदाच, एस.टी.तून पाहिला होता. चाळीसगावला नणंदेकडं जाताना वळणावर बस वळली आणि खिडकीखाली एकदम रस्ताच नाही, झाडांचे शेंडे. तेव्हा ती नुसती देवाचं नाव घेऊन मोकळी झाली होती. बस चालवणारा माणूस तिच्या ओळखीचा नव्हता.

१४ नोव्हेंबर १९८६, शुक्रवार. सकाळी सहाला ते निघाले. गाडीत इंदूरला जायचे लोखंडी सुटे भाग होते, काठोकाठ. सांडू आदल्या रात्री झोपला नव्हता. आनंदानं. तो सारखा उठून शर्टाची इस्त्री बघत होता, आणि आवडाबाई अंथरुणात पडून त्याचं उठणं मोजत होती. चारदा, पाचदा, सहादा.

कन्नडपर्यंत गयासभाई गाडीत होते. त्यांच्या आणि सांडूच्या मध्ये ती बसली होती. दौलताबादचा चढ, वेरूळचं वळण, सगळं सांडूनं असं पार केलं की गयासभाई पानाचा विडा चघळत झोपायला लागले. घाटाच्या तोंडाशी शेंदूर फासलेल्या दगडापुढं गाड्या थांबतात. तिथं सांडूनं नारळ फोडला, टायर ठोकले, ताडपत्रीखाली बोट घालून पाहिलं. गयासभाई खाली उतरले आणि मागं थांबलेल्या ओळखीच्या ट्रककडं लंगडत निघाले.

आवडाबाई त्यांच्यामागं गेली. "चाचा."

"काय बेटी? डर लागतो?"

तिच्या जिभेवर सगळं आलं होतं. दगडाजवळ सांडू खोबऱ्याचे तुकडे येणाऱ्याजाणाऱ्या ड्रायव्हरांना वाटत होता. "घ्या भाऊ, घ्या. आज माझी पहिली खेप." ते सगळे त्याच्या पाठीवर थाप मारत होते. गावाकडं ज्याच्यावर लोक हसायचे, तो माणूस इथं उभा राहून प्रसाद वाटत होता.

"व्हय," ती म्हणाली. "लई भ्या वाटतं."

"वाटायलाच पायजे. तुला तर त्यासाठीच बसवलंय," गयासभाई म्हणाले आणि मागच्या ट्रकमध्ये चढले.

ती परत येऊन बसली. या वेळी दाराशी. न बसण्याचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. पण ती नसती तर त्याच्या हाताकडं बघणारं कोणीच नसतं.

गाडी उतरणीला लागली. इंजिन गुरगुरू लागलं. आवडाबाईनं रस्त्याकडं पाहिलंच नाही. ती स्टिअरिंगवरच्या डाव्या हाताकडं बघत होती. अंगठा. फक्त अंगठा. बाजूनं कधी काळा कडा सरके, कधी एकदम उजेड येई, आणि त्या उजेडाचा अर्थ तिला न बघताही कळत होता. पहिलं वळण. समोरून चढणाऱ्या ट्रकचा भोंगा. सांडूनं गाडी कडेला घेतली, वाट दिली, पुन्हा सोडली. दुसरं वळण. तिसरं. तिनं तोंडात पदराचं टोक धरलं होतं. अंगठा घासू लागला तर काय करायचं? चाक धरायचं? कुठल्या बाजूला फिरवायचं? ब्रेक कुठला, हेही तिला माहीत नव्हतं. चाळीस दिवस परातीसमोर बसून तिनं हे एकदाही विचारलं नव्हतं, आणि आता मेंदूत दुसरं काहीच नव्हतं.

चौथ्या वळणाच्या अलीकडं अंगठा हलला.

"थांबवा!" ती किंचाळली. "थांबवा गाडी! थांबवा!"

सांडूनं दचकून ब्रेक दाबला. मागच्या लोखंडाचा खडखडाट झाला, गाडी धक्का खाऊन थांबली. मागच्या ट्रकनं भोंग्यावर भोंगे वाजवले.

"काय झालं? कोन आडवं आलं?"

त्याचे डोळे जागेवर होते. पूर्ण शुद्धीत, पूर्ण रागात. अंगठा हलला होता तो तळहाताचा घाम चाकावर पुसताना, तेवढंच.

"काय नाय," ती म्हणाली.

"येडी झालीस का? घाटात असं वरडतात? जीव जाईल ना कुनाचा!" मग तिच्या चेहऱ्याकडं बघून त्याचा आवाज उतरला. "आगं, मी हाय ना. डोळे मिटून बस."

तिनं डोळे मिटले नाहीत. पुढची सगळी वळणं ती त्याच्या हाताकडं बघत राहिली. पापणी लवली तरी तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं. आणि मग रस्ता सपाट झाला. दोन्ही बाजूंना कपाशीची शेतं आली. सांडूनं एका चहाच्या टपरीसमोर गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात चाकावर तसेच ठेवून तो जोरजोरात हसू लागला.

घाट झाला होता. काही घडलं नव्हतं. आवडाबाई खाली उतरली. ती टपरीच्या बाकड्याला धरून उभी राहिली.

गयासभाई मागून आले. "मध्ये ब्रेक कशाला मारला रे?"

"ही वरडली, उस्ताद."

"बढिया. माझ्या अम्माचा बी असाच आवाज होता." त्यांनी कुडत्याच्या खिशातली दुसरी चावी काढून सांडूच्या हातात ठेवली. "घे. आजपासून तुझी." सांडू वाकून त्यांच्या पाया पडला. गयासभाईंनी त्याला उठवलं आणि ते चाकांच्या ड्रमला हात लावून तापलेत का बघायला गाडीकडं गेले.

सांडू बाकड्यावर बसला. चावी शर्टाच्या वरच्या खिशात. हातात चहाचा वाफाळता ग्लास. "बघ आवडे," तो म्हणाला, "इंदूरहून येताना आईला एक..."

आणि थांबला.

अंगठा ग्लासाच्या कडेवर घासू लागला. ओठ हलू लागले. ग्लास तिरका झाला, चहाची धार त्याच्या मांडीवर पडू लागली, इस्त्रीच्या विजारीवर, आणि त्याला काही कळत नव्हतं.

ही वेळ पंधरा मिनिटं आधी आली असती तर? एवढंच तिच्या डोक्यात आलं. तिला वरची ती वळणं दिसली, समोरून चढत आलेला ट्रक दिसला, त्यातला कोण कुठला ड्रायव्हर दिसला. इतक्या वर्षांत या वेळी तिनं नेहमी एकच गोष्ट केली होती. आडोसा धरला होता, कोणाला दिसू नये म्हणून. आताही ती पुढं होऊन त्याच्यासमोर उभीच राहणार होती. पाय त्यासाठीच उचलला होता.

"चाचा!" तिनं हाक मारली. "चाचा, लौकर या. हिकडं या. यांच्याकडं बघा!"

गयासभाई लंगडत पळत आले. "काय झालं? भाजलं का?" त्यांनी ग्लास काढून घेतला. मग त्यांनी सांडूचे डोळे पाहिले. त्याच्या तोंडासमोर हात हलवला. नाव घेऊन हाक मारली, एकदा, दोनदा. टपरीवाला ओगराळं हातात धरून बघत राहिला.

सांडूनं खोल श्वास घेतला. "...एक लुगडं आनू," तो म्हणाला. मग त्याला तीन चेहरे दिसले. "काय? काय बघताय?" मग मांडी भाजल्याचं कळलं आणि तो कळवळून उठला. "चहा कुनी सांडला?"

गयासभाईंनी ग्लास बाकड्यावर ठेवला.

"हे कधीपासून?" गयासभाईंनी विचारलं. सांडूला नाही, आवडाबाईला.

"मी आले तवापासून. त्याच्याआदी झटके यायचे."

"आन् तू वर, घाटाच्या तोंडाशी, मला हे नाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमी मानलं असतं का? यांचा हात साफ हाय म्हणला असता." तिचा आवाज फुटला. "नाय सांगितलं. चुकले मी. आता बघितलंत ना डोळ्यानं?"

"काय सांगती ही?" सांडू मोठ्यानं म्हणाला. "उस्ताद, दोन घटका विचारात होतो मी. घाट उतरलो ना? तुमच्यासमोर उतरलो ना?"

"उतरलास. माझ्यापेक्षा चांगला उतरलास." गयासभाईंनी हात पुढं केला. "चावी दे, बेटा."

सांडूनं चावी दिली नाही. गयासभाईंनीच ती त्याच्या खिशातून काढली, आणि तो हलला नाही. तो आवाज न चढवता एवढंच म्हणाला, "आवडे, तू मला मारलंस. घाटात मेलो असतो तर बरं झालं असतं."

गयासभाईंनी चाळीसगावहून ओळखीचा ड्रायव्हर बोलावून मालासकट गाडी त्याच्या हवाली केली आणि ते तिघं एस.टी.नं परत आले. घाट चढताना सांडू खिडकीशी बसला होता. आवडाबाई मागच्या सीटवर.

पुढच्या आठवड्यात गयासभाईच त्याला घाटी नावाच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी आवडाबाईला बसवून सगळं विचारलं, किती वेळ, कोणता हात, ओठ कसे, आणि सगळं लिहून घेतलं. हाही फिटचाच प्रकार, त्या म्हणाल्या, लहानपणचा आजार गेलेला नाही, फक्त रूप बदललंय. रोज दोन गोळ्या, चुकवायच्या नाहीत. गाडी नाही, विहीर नाही, उंच शिडी नाही. मनकर्णाबाई ऐकून म्हणाल्या, "सात गुरुवार केले ते वाया गेले म्हणायचे," आणि सुनेशी दोन महिने नीट बोलल्या नाहीत.

ट्रक पुंजाराम नावाच्या पिशोरच्या माणसाला ठेक्यानं गेला. त्याची आई त्याच्याबरोबर घाट उतरली. गयासभाईंनी सांडूला आपल्याच ओळखीच्या ट्रान्स्पोर्टच्या आवारात कामाला लावलं. गाड्यांचे टायर ठोकून बघायचे, माल कसा बांधलाय ते तपासायचं, त्याचं बोट ताडपत्रीखाली गेलं तर गाडी सुटायची नाही. नवे ड्रायव्हर त्याला दबून असत. तो घरी येऊन जेवायचा, गोळी घ्यायचा आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचा. आवडाबाईशी कामापुरतं बोलायचा. मीठ दे. पाणी दे. ती देत होती. दिवसातून कितीदा तरी वाटे, आपण केलं ते बरोबर का? आणि भीती तर तीच होती, कारण गोळ्या सुरू झाल्या तरी ध्यान लागायचं पूर्ण थांबलं नव्हतं. आता तो आवारात, वळणाऱ्या गाड्यांच्या चाकांमध्ये उभा असायचा.

दीड वर्ष असं गेलं. एका रविवारी दुपारी ती दारात बसून फॉल लावत होती. सांडू समोर बसून मुगाच्या शेंगा सोलत होता. सोलता सोलता थांबला. तिनं सुई थांबवली आणि वाट पाहिली. थोड्या वेळानं त्यानं श्वास घेतला, हातातल्या शेंगेकडं पाहिलं, मांडीवर सांडलेल्या दाण्यांकडं पाहिलं. मग तिच्याकडं.

"आत्ता गेलतो का मी?" त्यानं विचारलं.

असं त्यानं आजवर कधीच विचारलं नव्हतं. तिला खोटं बोलावंसं वाटलं. फार वाटलं.

"व्हय," ती म्हणाली. "थोडंसंच."

त्यानं हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाला, "उद्या आवारातल्या पोरान्ला सांगतो. असं झालं तर मला बाजूला वढा म्हणून." आणि मांडीवरचे दाणे एकेक करून गोळा करू लागला.